टेप खिशात ठेवा: राउटरसाठी फर्मे कसे करावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विक्रोळीला छोटा गाळा आहे, हाताशी एक ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर, आणि एक अर्ध्या इंचाचा प्लंज (खाली दाबत नेता येणारा) राउटर आहे. राउटर म्हणजे फिरणाऱ्या पात्याने, बिटने, लाकडात खाच पाडणारं यंत्र. एका सोसायटीतल्या २४ दारांचं काम आलंय, दर दाराला तीन बिजागऱ्या. त्यातल्याच एका घरात खाचेत बसणाऱ्या फळ्यांचं कपाट आणि जेवणाचं गोल टेबल करायचंय. राउटर हाताने चालवला की खाच कधी सैल होते, कधी तिरकी. तेव्हा राउटरला वाट दाखवणारा साचा, म्हणजे जिग किंवा फर्मा, विकत घ्यावा, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापणीच्या मशीनवर) फर्मे कापून आणावेत, की स्वतः करावेत?

स्वतः करा. विकतचा बिजागरीचा जिग वाईट नसतो, पण तो ठरावीक मापांसाठी असतो आणि आपल्याकडे दर घरमालकागणिक बिजागरी बदलते. सीएनसीचं पुढे सांगतो, त्याला एक जागा आहे.

आधी हाताने का जमत नाही ते बघा. २५ मिमी व्यासाचा बिट मिनिटाला २४,००० फेऱ्या मारत असेल, तर त्याची धार ताशी साधारण ११३ किलोमीटरने पळत असते. आपली स्लो लोकल या वेगाला पोचत नाही. ही धार लाकडात शिरली की लाकूड तिला उलटं रेटतं आणि तो रेटा आपल्या मनगटावर येतो. लाकडाची रेषा, म्हणजे तंतू, मऊ-कडक असे बदलत गेले की रेटाही बदलतो. पेन्सिलीच्या रेघेवर नुसत्या हाताने राउटर चालवणारे कारागीर मी आयुष्यात दोनच पाहिले, आणि दोघेही रेघेच्या आत थांबून उरलेलं पटाशीने काढत.

या रेट्याला दिशा असते आणि ती पक्की ठाऊक असली की निम्मं काम होतं. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. राउटर पुढे ढकलला की तो डावीकडे ओढ घेतो. नेहमी डावीकडेच. म्हणून पुढे जाताना टेकू डाव्या हाताला हवा. पट्टीला धरून खाच मारताय, पट्टी डावीकडे. फळीची बाहेरची कड मारताय, लाकूड डावीकडे, म्हणजे फळीभोवती काट्याच्या उलट दिशेने. चौकटीच्या आतून मारताय तरी लाकूड डावीकडेच, म्हणजे काट्याच्या दिशेने. गोल कापताना मधला खिळा डावीकडे. आमच्या गाळ्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी हे एवढंच शिकवतो. उलट दिशेने नेला तर राउटर पट्टीपासून सुटून पळतो आणि काम तर जातंच, कधी बोटही जातं. ढलपी उडू नये म्हणून जाणकार लोक शेवटचा अर्धा मिमी मुद्दाम उलटा घेतात, ते खरं आहे. पण ते ट्रिमरवर, हलक्या हाताने आणि वर्ष-दोन वर्षं हात बसल्यावर. राउटर टेबलाखाली उलटा लावला की दिशाही उलटते, तिथे काम उजवीकडून डावीकडे सरकवायचं.

आता फर्म्याकडे येऊ. जिग, टेम्प्लेट, फिक्स्चर अशी नावं वेगवेगळी आहेत. आम्ही सगळ्याला फर्माच म्हणतो. माझे काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. फर्मा करताना ते मला टेप हातात घेऊ देत नसत. तेव्हा राग यायचा, आता कळतं. टेपचं टोक थोडं हलतं, पेन्सिलीची रेघ जाड असते, करवत रेघेच्या अलीकडून जाते की पलीकडून यात अर्धा मिमी जातो, बेस प्लेटच्या कडेपासून बिटपर्यंतचं अंतर आपण डोळ्याने वाचतो. चार ठिकाणी पाव-पाव मिमी चुकलं तर दाराची फट दिसते. फर्म्यातली चूक तर एका नगावर थांबत नाही. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात साच्याचं बोट जाड निघालं तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीचं बोट जाड, तसंच हे. म्हणून जिथे जिथे जमेल तिथे मोजायचं नाही. राउटरची पट्टी राउटरलाच कापू द्या. खाचेची रुंदी त्याच फळीवरून घ्या जी खाचेत बसणार आहे. बिजागरीची जागा बिजागरी ठेवूनच ठरवा.

पहिला फर्मा याच तत्त्वाचा, आणि अर्ध्या तासात होणारा. ६ मिमी प्लायची आठ फुटी पट्टी घ्या, फूटभर रुंद. तिच्यावर मध्यापासून जरा बाजूला १८ मिमी प्लायची तीन-चार इंची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवा. या वरच्या पट्टीची कंपनीतून आलेली सरळ कड राउटरच्या बाजूला ठेवा. ती सरळ आहे का ते कसं बघायचं? जमिनीवर तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी उलटून पुन्हा त्याच दोन टोकांना लावून रेघ मारा. मधे फट दिसली तर तिच्या निम्मी वाकडी आहे, दुसरी घ्या. फेविकॉल वाळला की राउटरमध्ये १२ चा बिट लावून बेस वरच्या पट्टीला चिकटवून एकदा पूर्ण चालवा. खालच्या प्लायचा जास्तीचा भाग कापून पडेल. आता जी कड उरली तीच तुमच्या बिटची रेघ. दुसऱ्या दिवसापासून मोजणी नाही, ही कड खुणेवर ठेवायची, क्लॅम्प मारायचा आणि राउटर चालवायचा. फर्म्यावर मार्करने ‘मोठा राउटर, १२ चा बिट’ असं लिहा. दुसरा बिट किंवा दुसरा राउटर लावला तर ही कड खोटी ठरते.

इथे एक बारीक गोष्ट. राउटरचा गोल बेस बिटशी नेमका मध्यावर असेलच असं नाही, आणि स्वस्त मशीनमध्ये तो सहसा नसतो. बेसवर एका जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि तोच ठिपका कायम पट्टीकडे ठेवून चालवा. अर्ध्या वाटेवर हँडल वळवलंत तर खाचेत हलकी पायरी येते आणि लोक दोष बिटला देतात.

कपाटाच्या फळ्यांसाठी मात्र दोन पट्ट्यांचा फर्मा करा. दुकानदार ज्याला १९ चं प्लाय म्हणतो ते १९ भरत नाही. एका लॉटमध्ये १८ च्या जरा वर, दुसऱ्यात १८ च्या जरा खाली, आणि सनमायका लावल्यावर आणखी वेगळं. त्यामुळे ‘१८ ची खाच’ असं काही नसतं, त्या दिवशीच्या त्या फळीची खाच असते. १८ मिमी जाडीच्या दोन सरळ पट्ट्या घ्या. त्या दोन आडव्या पट्ट्यांवर बसवायच्या. एक सरळ पट्टी गुण्याने बरोबर काटकोनात पक्की करा, दुसरी बोल्ट आणि विंगनटवर सरकती ठेवा. आडव्यांमध्ये ६ मिमीच्या लांब खाचा पाडल्या की झालं. आता कपाटाच्या फळीचा तुकडा दोन पट्ट्यांच्या मधे उभा ठेवा, सरकती पट्टी त्याला टेकवा, विंगनट आवळा, तुकडा काढून घ्या. वर बेअरिंग (पट्टीला घासत फिरणारं कडं) असलेला पॅटर्न बिट लावून आत फिरवा, एका पट्टीला धरून जा, दुसरीला धरून परत या. दोन्ही वेळेला टेकू डावीकडेच राहतो हे बघा. खाच फळीच्या जाडीची. फळी हाताच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडी लागली तर खाच घट्ट आहे, कारण फेविकॉल लागला की प्लाय थोडं फुगतं. तसं असेल तर तुकड्याबरोबर कागदाची एक पट्टी घालून पुन्हा सेट करा.

बिट घेताना त्याच्या धारेची लांबी बघा. २५ मिमी लांब धारेचा बिट असेल आणि खाच ६ मिमीच खोल हवी असेल, तर १८ च्या पट्टीवर बेअरिंग टेकतच नाही, ते पट्टीच्या वर हवेत राहतं आणि धार पट्टीच खाऊन टाकते. १० ते १२ मिमी धारेचा आखूड बिट मागा. नागदेवी स्ट्रीटला मिळतो, फक्त दुकानदाराच्या ‘सेम है’ला भुलू नका. त्याच दुकानात आणखी एक गोष्ट सांभाळा: अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, १२ नव्हे. पाव इंच म्हणजे ६.३५, ६ नव्हे. १२ चा दांडा अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये (बिटचा दांडा पकडणाऱ्या कड्यात) आवळला जातो, पण तो पुरेसा पकडला जात नाही. काम चालू असताना बिट खाली सरकतो, खाच आपोआप खोल होत जाते आणि कोलेट कायमचा बिघडतो. दांडा पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिमी बाहेर ओढून आवळायचा, टेकवून आवळायचा नाही.

आता तुमचा मुख्य ठेका. २४ दारं, दर दाराला तीन बिजागऱ्या, दारावर एक खाच आणि चौकटीवर एक: एकूण १४४ खाचा. यासाठी ट्रिमर आणि गाईड बुश वापरा. मोठा राउटर दाराच्या अरुंद कडेवर तोल घेत नाही. गाईड बुश म्हणजे बेसमध्ये बसणारी कॉलर. तिच्यातून बिट खाली येतो आणि कॉलर फर्म्याच्या कडेला घासत जाते. कॉलर बिटपेक्षा जाड असल्यामुळे फर्म्यातली खिडकी बिजागरीपेक्षा मोठी लागते. किती मोठी? कॉलरच्या बाहेरच्या व्यासातून बिटचा व्यास वजा करा. कॉलर १० ची आणि बिट ६ चा असेल तर फरक ४, म्हणजे दर बाजूला २ मिमी. १०० मिमी लांबीच्या बिजागरीला खिडकी १०४ ची.

पण ही १०४ मोजत बसू नका. सनमायकाचे १ मिमीचे तुकडे प्रत्येक गाळ्यात पडलेले असतात. एका पाटावर बिजागरीचं पान ठेवा, तीन बाजूंना सनमायकाचे दोन-दोन तुकडे जोडीने उभे लावा, आणि त्यांना टेकवून १२ मिमी एमडीएफच्या पट्ट्या चिकटवा. बिजागरी आणि सनमायका काढून घेतला की खिडकी तयार, आणि ती तुमच्याच बिजागरीची. चौथी बाजू, जिथून बिट दाराच्या दर्शनी बाजूला बाहेर पडतो, ती १०-१२ मिमी पुढे मोकळी सोडा. सनमायका १ चा आहे ना हे तेवढं कॅलिपरने बघून घ्या, काही ०.८ चे येतात. (टेप खिशात म्हटलं, कॅलिपर नाही.) फर्मा १२ मिमीपेक्षा पातळ नको, कारण कॉलर आठ-नऊ मिमी खाली लोंबते आणि पातळ फर्मा असेल तर ती दारालाच टेकते.

अशा तीन खिडक्या सात फुटी पट्टीवर एकत्र आणा, म्हणजे तिन्ही बिजागऱ्यांच्या जागा कायमच्या ठरल्या. पट्टी चांगली पाच-सहा इंच रुंद ठेवा, ट्रिमर डुगडुगायला नको. दाराच्या चेहऱ्याला टेकणारी एक उभी पट्टी खालून स्क्रूने लावा. खिडकीसमोर ती ढलपीही उडू देत नाही. वरच्या टोकाला एक ठोकळा स्क्रूवर बसवा. चौकटीवर काम करताना ठोकळा काढायचा आणि फर्म्याचं टोक थेट चौकटीच्या वरच्या लाकडाला भिडवायचं. दारावर ठोकळा लावायचा आणि ठोकळा व दाराचं डोकं यांच्यामधे एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमीची चकती ठेवायची. तीच दाराच्या वरची फट. चौकट आणि दार यांच्या खाचा मग आपोआप समोरासमोर येतात, जुन्या इमारतीत चौकट थोडी कलंडलेली असली तरी.

डावं-उजवं दार विसरू नका. दार डावं असेल तर फर्मा लांबीच्या अंगाने उलटायचा आणि खालची उभी पट्टी दुसऱ्या तोंडावर लावायची. म्हणून ती चिकटवायची नाही, स्क्रूच. दोन्ही तोंडांवर ‘डावं’ आणि ‘उजवं’ मोठ्या अक्षरात लिहा. माझ्याकडून एकदा एक अख्खं दार उलट्या बाजूने खाचलं गेलंय. त्या खाचांमध्ये सागाचे तुकडे बसवले, पॉलिशखाली लपले, पण मला अजून दिसतात.

खोलीसाठी बिजागरीच वापरा. फर्मा पाटावर, त्यावर ट्रिमर, बिट पाटाला हलका टेकेपर्यंत खाली घ्या. उरतं ते तिथून खाली पानाच्या जाडीएवढं जायचं, आणि ते प्लंजच्या स्टॉपमध्ये पान धरून बसवता येतं. ट्रिमरला प्लंज नसेल तर भंगार तुकड्यावर दोन खाचा मारून बघणं हाच मार्ग. कोपरे ३ मिमी त्रिज्येचे गोल राहतील, ते पटाशीने चौकोनी करा. १४४ खाचांचे २८८ कोपरे, एका माणसाला अर्धा दिवस. गोल कोपऱ्याच्या बिजागऱ्याही मिळतात, घरमालक तयार असेल तर तो अर्धा दिवस वाचतो.

गोल टेबलाचं काम सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. ६ मिमी हायलमची (कडक लॅमिनेट शीटची) पट्टी राउटरच्या बेसला स्क्रूने लावा, दुसऱ्या टोकाकडे खिळ्यासाठी भोक पाडा. ९०० मिमी व्यासाच्या टेबलासाठी खिळ्याच्या मध्यापासून बिटच्या जवळच्या धारेपर्यंत ४५० हवं. भोक पाडायचं असेल तर लांबच्या धारेपर्यंत. सगळे इथेच चुकतात. टेबलाच्या तोंडावर भोक नको असेल तर उलट्या बाजूने कापा, किंवा मध्यावर प्लायचा तुकडा डबलटेपने चिकटवून त्यात खिळा घ्या. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खाऊ नका. शेवटच्या फेरीआधी कापल्या जाणाऱ्या तुकड्याला खालून टेकू द्या, नाहीतर तो लटकतो आणि शेवटच्या इंचात बिटमध्ये अडकतो.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी वळणदार कामात असते. खुर्चीचा पाय, गॅलरीच्या कठड्याच्या नक्षीदार पाट्या, देवघराची कमान. इथे मोजणी टाळणं शक्य नसतं, म्हणून मूळ फर्म्यावर वेळ घालवायचा. मी १२ मिमी एमडीएफवर आकार काढतो, जिगसॉने (वळणं कापणाऱ्या छोट्या मशीन-करवतीने) रेघेच्या जरा बाहेरून कापतो आणि मग लवचिक पट्टीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ती वळणावर वाकवून लांब हाताने घासतो. छोट्या ठोकळ्याने घासलं की वळणात खड्डे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला कळतात. डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवा. बेअरिंगला अंगठ्यापेक्षा जास्त कळतं: एमडीएफमधला बारीक खड्डा प्रत्येक पायावर उतरतो. म्हणूनच मूळ फर्म्यासाठी साधं प्लाय नको. प्लायच्या कडेला मधल्या थरात पोकळी असते, बेअरिंग तिच्यात उतरलं की कामावर चावा दिसतो.

मूळ फर्मा प्रत्यक्ष कामाला लावायचा नाही. त्याच्यावरून बेअरिंग बिटने दुसरा फर्मा काढा, तो रोजचा. मूळ भिंतीवर. रोजचा खराब झाला की मूळावरून नवा. ही सवय मला एका मारामुळे लागली. गिरगावातल्या एका वाडीत जुन्या चाळीच्या कठड्याच्या ४० पाट्या बदलायच्या होत्या. एमडीएफचा एकच फर्मा केला होता. २२ पाट्या झाल्यावर पाऊस लागला, काम दोन आठवडे थांबलं, फर्मा गाळ्यात ओल्या भिंतीला टेकून उभा राहिला. मग उरलेल्या १८ केल्या, रंग दिला, बसवल्या. माझ्या काही लक्षात आलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “अहो, ह्या इकडच्या पाट्या पायात जाड का हो?” फर्म्याची खालची कड पाण्याने फुगली होती, जेमतेम एक मिमी, पण ४० पाट्यांच्या रांगेत ती पायरी दिसत होती. १८ पाट्या माझ्या खर्चाने पुन्हा केल्या.

तेव्हापासून एमडीएफची कड उघडी ठेवत नाही. सँडिंग सीलरचे दोन हात, किंवा कडेवर पातळ फेविक्विक ओढून वाळल्यावर हलका पेपर. कड दगडासारखी होते आणि बेअरिंगही सरळ धावतं. वर मेण. जून ते सप्टेंबर मुंबईत काम सुरू करण्याआधी रोजचा फर्मा मूळावर ठेवून अंगठ्याने कड तपासायची, रोज सकाळी, चहाआधी.

लाकूड फर्म्याला धरायचं कसं? जिथे पुढे मॉर्टिस (सांध्याचं भोक) किंवा स्क्रू येणार आहे अशा टाकाऊ जागी दोन स्क्रू सर्वांत भरवशाचे. ते नसेल तर दोन्हीकडे मास्किंग टेप लावून मधे फेविक्विक, ही युक्ती उत्तम; पण भुसा पुसलेला हवा आणि पावसात ओलसर लाकडावर टेप सुटतो. नग जास्त असतील तर पाटावर टॉगल क्लॅम्प (दांडा दाबला की आवळणारे) बसवा, दोन ठोकळे लाकडाच्या टोकांना. हात बिटपासून अर्धा फूट लांब राहील अशा जागी दोन मुठी लावा. फर्मा कामाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन इंच लांब ठेवा, म्हणजे बेअरिंग आधी फर्म्याला टेकतं आणि मग धार लाकडाला. लाकडाच्या कोपऱ्यावर बिट थेट घातला तर तो हिसका देतो.

आकार आधी जिगसॉने कापून दोन मिमी ठेवा, राउटरने फक्त तेवढंच काढायचं. आणि रेषा बघा. वळणदार पायात अर्ध्यापर्यंत धार रेषेबरोबर जाते, पुढे रेषेच्या विरुद्ध. तिथे सागवान सुद्धा लांब चीर देऊन फाटतो. फाटणाऱ्या भागासाठी काम उलटायचं. वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेला बिट असेल तर फर्मा न हलवता काम पालथं करून, बिटची उंची बदलून उरलेला अर्धा भाग रेषेबरोबर मारता येतो. या बिटला पैसे पडतात, पण एक सागाचा पाय फाटला की त्यापेक्षा जास्त जातात.

बिट जाड असेल तर वेग कमी करा. ५० मिमीचा बिट २४,००० वर चालवला तर धारेचा वेग ताशी २२६ किलोमीटर होतो. तो १६,००० च्या वर नेऊ नका. लाकूड जळतंय म्हणजे बिट बोथट आहे किंवा तुम्ही फार हळू सरकताय.

सीएनसीचं राहिलं. वळणदार मूळ फर्मा सीएनसीवर जरूर कापून आणा, विशेषतः दोन्ही बाजू हुबेहूब हव्या असतील तर. तुमच्या अर्ध्या दिवसाच्या घासकामाला तो खात्रीचा पर्याय आहे. आतल्या कोपऱ्यात ते ६ चा बिट चालवतात, म्हणजे कोपरा ३ मिमी गोल येणार हे चित्र देतानाच धरा. पण पट्ट्यांचे आणि बिजागरीचे फर्मे तिथे देऊ नका. त्यांचं चित्र काढायला बसलात की पुन्हा टेपने मोजणं आलं.

सामानाचं बोलायचं तर प्लाय आणि एमडीएफचे कापलेले तुकडे रे रोडच्या वखारींकडे मागून बघा, फर्म्याला अख्खी शीट लागत नाही. सरकत्या पट्टीसाठी खिडकीवाल्यांकडचा ॲल्युमिनियम सेक्शन चांगला, टी-ट्रॅकची (विकतच्या सरकत्या खाचपट्टीची) गरज नाही.

एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात रेझिन असतं. एन-९५ मास्क लावा, व्हॅक्यूम जोडा, कानात बोळे घाला. सोसायटीत काम करताना दारांच्या खाचा सकाळी एका दमात मारा आणि पटाशीचं काम दुपारी ठेवा, शेजारच्यांची झोप आणि सेक्रेटरीचा फोन दोन्ही वाचतात. बिट बदलताना प्लग काढा, स्विच बंद पुरत नाही. ट्रिमरचा स्विच हाताच्या दाबाने सुरू होतो.

तुमच्या ठेक्यात क्रम असा ठेवा: आधी आठ फुटी पट्टी, मग बिजागरीचा फर्मा. त्याची एक खाच भंगार तुकड्यावर, मग एक पूर्ण दार एका चौकटीत बसवून बघा. ते दार दोन दिवस बंद-उघड होऊ द्या. तोवर दोन पट्ट्यांचा फर्मा करून घ्या. दार नीट बसलं तर उरलेली २३ सुरू करा. बिजागऱ्यांची पेटी बदलली, तर पहिली बिजागरी खिडकीत ठेवून सनमायकाचे तुकडे अजून घट्ट बसतात का ते बघा.